विल्यम पर्किन

एके काळी कापडाला रंग देण्यासाठी माणसाला निसर्गाच्याच दारी जावे लागे. निळा रंग निळीच्या झाडापासून मिळे, तर तांबडा मंजिष्ठाच्या मुळांपासून. जांभळा रंग तर फारच दुर्मिळ! प्राचीन काळी तो भूमध्य समुद्रातील गोगलगाईंपासून काढीत. हजारो गोगलगाई वेचाव्या, तेव्हा कोठे चिमूटभर रंग हाती येई. त्यामुळे तो राजेरजवाड्यांचाच रंग ठरला होता. हाच रंग प्रयोगशाळेत तयार करून सामान्यांच्या आटोक्यात आणणारा शास्त्रज्ञ म्हणजे विल्यम हेन्री पर्किन.

पर्किनचा जन्म १२ मार्च १८३८ रोजी लंडन येथे झाला. त्याचे वडील घरे बांधण्याचा व्यवसाय करीत. मुलाने वास्तुशास्त्र शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्याला रसायनशास्त्राचा छंद जडला. शाळेत या विषयाची व्याख्याने मधल्या सुट्टीत होत. ती ऐकण्यासाठी तो कित्येकदा जेवणही सोडी. पंधराव्या वर्षी तो रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री या संस्थेत दाखल झाला. तेथे हॉफमन हे नामवंत जर्मन शास्त्रज्ञ त्याचे गुरू होते.

हिवतापावर क्विनीन हे रामबाण औषध होते. पण ते सिंकोना वृक्षाच्या सालीपासूनच मिळे. ते कृत्रिम रीतीने तयार करता येईल काय, असा प्रश्न हॉफमन यांना पडला होता. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत पर्किनने घरातील लहानशा प्रयोगशाळेत त्याचा प्रयत्न आरंभिला. डांबरातील द्रव्यांपासून मिळणाऱ्या ॲनिलीनवर त्याने पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया केली. क्विनीन तर मिळाले नाहीच. भांड्याच्या तळाशी नुसता काळा गाळ साचला!

दुसऱ्या कोणी तो गाळ फेकून दिला असता. पर्किनने मात्र तो अल्कोहोलमध्ये घालून पाहिला, आणि काय आश्चर्य! द्रवाला सुंदर जांभळा रंग चढला. त्यात त्याने रेशमाचा तुकडा बुडविला. तो रंग साबणाने जाईना, उन्हानेही विटेना. स्कॉटलंडमधील एका रंगाऱ्याने नमुना पाहून अनुकूल अभिप्राय कळविला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पर्किनने आपल्या शोधाचे पेटंट घेतले. तेव्हा त्याचे वय अवघे अठरा वर्षांचे होते.

आता खरी कसोटी होती. शिक्षण सोडून कारखाना काढणे हॉफमन यांना मुळीच रुचले नाही. परंतु वडिलांनी मुलावर विश्वास ठेवला आणि आयुष्यभराची पुंजी त्याच्या हाती दिली. भाऊ टॉमस हाही मदतीस आला. १८५७ मध्ये लंडनजवळ ग्रीनफर्ड येथे कारखाना उभा राहिला. अडचणी पावलोपावली आल्या. ॲनिलीन बाजारात मिळत नसे, म्हणून तेही त्यांनाच तयार करावे लागे. सुती कापडावर रंग टिकेना, तेव्हा तो पक्का बसविण्याची युक्तीही शोधावी लागली. पण पर्किन डगमगला नाही. ‘मॉव्ह’ या नावाने तो रंग लवकरच सर्वत्र गाजला. १८५८ मध्ये कन्येच्या विवाहप्रसंगी व्हिक्टोरिया राणीने याच रंगाचा पोशाख केला होता.

पुढे इतर शास्त्रज्ञांनीही अनेक कृत्रिम रंग शोधून काढले. १८९७ पासून जर्मनीत तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि भारतातील निळीची शेती ओसरू लागली. अशा रीतीने एका प्रयोगशाळेतील शोधाचे पडसाद दूरदूरच्या शेतांपर्यंत पोहोचले.

पर्किनला धनाचा लोभ नव्हता. १८७४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने कारखाना विकला आणि उरलेले आयुष्य संशोधनास वाहिले. १९०६ मध्ये त्याच्या शोधाचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला व त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. १४ जुलै १९०७ रोजी त्याचे निधन झाले.

त्या काळी क्विनीनची अंतर्रचना कोणासच ठाऊक नव्हती. म्हणून पर्किनचा मूळ प्रयत्न फसणारच होता. पण फसलेल्या प्रयोगाकडेही त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले. म्हणूनच त्या काळ्या गाळात दडलेला रंग त्याला दिसला.