सावित्रीबाई फुले व प्लेगाची साथ

सावित्रीबाई फुले यांचें नांव निघालें कीं पुण्याच्या भिडे वाड्यांतील 1848 सालची मुलींची शाळा आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. तें योग्यच आहे. परंतु ह्या बाईंच्या आयुष्याचा पुष्कळ भाग बाळंतिणींच्या, रोग्यांच्या व उपाशी लेंकरांच्या उशाशीं गेला, आणि अखेर त्याच कामांत त्यांचा देह पडला, ही गोष्ट आपल्यांत फार कमी सांगितली जाते. आपल्या खेड्यापाड्यांतील ज्या मुली परिचारिकेच्या परीक्षेचा अभ्यास करीत आहेत, त्यांनीं तरी ती ऐकून ठेवावी.

त्यांचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं झाला. नवव्या वर्षीं जोतीराव फुले यांजबरोबर लग्न झालें व अक्षरओळख सासरीं झाली. आपल्या नगरशीं त्यांचा संबंध आला तो शिक्षणामुळें. अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार ह्या 1827 सालीं मुंबईस आल्या व पुढें नगरास राहून त्यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. 1862 सालीं त्या तेथेंच वारल्या. ह्या बाईंच्या हाताखालीं सावित्रीबाईंनीं शिक्षिकेच्या कामाचे धडे घेतले. परिचर्येचे धडे मात्र त्यांस कोणींच दिले नाहींत, कारण ते देणारी शाळाच त्या काळीं येथें नव्हती. लंडनमध्यें मिस नाइटिंगेल यांची शाळाही 1860 सालीं निघाली.

1863 सालीं जोतीरावांनीं व त्यांनीं आपल्या घरींच बालहत्याप्रतिबंधक गृह उघडलें. विधवा स्त्री गरोदर राहिली तर विहीर जवळ करी किंवा मूल जन्मतांच त्याचा गळा दाबी, अशी तेव्हांची स्थिति होती. अशा स्त्रियांस फुल्यांचें दार उघडें होतें. त्यांचीं बाळंतपणें सावित्रीबाईंच्या देखरेखीखालीं झालीं. 1874 सालीं काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेस मुलगा झाला. त्यास ह्या निपुत्रिक जोडप्यानें दत्तक घेतलें. तेच पुढें डॉक्टर झालेले यशवंतराव. 1877 च्या दुष्काळांत नगर जिल्ह्याच्या शेजारीं जुन्नर तालुक्यांत ओतूर येथें जाऊनही त्यांनीं काम केलें.

1888 सालीं जोतीरावांस पक्षाघात झाला व उजवें अंग गेलें. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनीं उपचार केले. पण डॉक्टर घटकाभर येतो, बाकीचा दिवस घरच्या बाईचा असतो. अशा रोग्याची कूस दर दोन तासांनीं बदलावी लागते, नाहीं तर पाठीस जखमा पडतात. घास नीट गिळतां येतो कीं नाहीं हें पाहिल्यावांचून तोंडांत पाणीही घालतां येत नाहीं. आज परीक्षेंत हें विचारतात. जोतीराव ह्या दुखण्यानंतर दोन वर्षें जगले, व डाव्या हातानें त्यांनीं एक ग्रंथ लिहून पुरा केला. 28 नोव्हेंबर 1890 रोजीं ते वारले.

1896 सालीं मुंबईंत प्लेग निघाला व थोड्याच महिन्यांत पुण्यास पोहोंचला. यशवंतरावांनीं हडपसरजवळ, आपल्या सासऱ्यांकडील ससाणे मंडळींच्या मळ्यांत, गांवाबाहेर दवाखाना उघडला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोगी शोधून तेथें आणूं लागल्या. मुंढव्यास गांवकुसाबाहेरील वस्तींत गायकवाड यांचा मुलगा तापानें पडल्याचें कळतांच त्या गेल्या, आणि त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यांत आल्या. मुलगा वाचला असें सांगतात.

आतां येथें जरा थांबूं या. प्लेगाचा जंतु यर्सिन यांनीं 1894 सालींच हाँगकाँग येथें दाखविला होता. हाफकीन यांनीं मुंबईस आपली लस जानेवारी 1897 मध्यें स्वतःस टोंचून घेतली होती. पण रोग उंदरांकडून माणसाकडे कसा येतो, हें अजून कळलें नव्हतें. उंदराच्या अंगावरील पिसू तो आणते, हें सिमाँ यांनीं कराचीस 1898 सालीं दाखविलें. जांघेंत किंवा काखेंत गांठ आलेल्या रोग्यापासून सेवा करणाऱ्यास भय असतें तें त्याच्या कपड्यांतील पिसवांचें व गांठींतील पुवाचें; परंतु रोग फुप्फुसांत उतरला म्हणजे त्याचा खोकलाच घातक होतो. म्हणून आजची परिचारिका असा रोगी वेगळ्या खोलींत ठेविते, त्याच्या व आपल्या तोंडावर मास्क बांधते, हातमोजे घालते, आणि औषध लागू पडून 48 तास होईपर्यंत हा बंदोबस्त सोडीत नाहीं. औषधें स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन वगैरे. तीं जितकीं लवकर द्यावीं तितकें बरें. फुप्फुसाच्या प्लेगांत एक दिवस गेला तरी रोगी हातचा जाण्याचें भय असतें.

सावित्रीबाईंच्या हातीं ह्यांतलें कांहींच नव्हतें. मूल पाठीवर घेतलें म्हणजे त्याचा श्वास मानेवर येतो व त्याचे कपडे आपल्या अंगास घांसतात. पाळणुकीचे नियम ठाऊक असलेल्या माणसानें तसें करूं नये, हें आम्हांस स्पष्ट सांगितलें पाहिजे. पण त्या वस्तींत त्या दिवशीं डोली घेऊन येणारें दुसरें कोण होतें, हाही प्रश्न विचारला पाहिजे. थोड्याच दिवसांत त्यांस ताप भरला. 10 मार्च 1897 रोजीं रात्रीं त्या वारल्या.

यशवंतराव पुढें 1905 सालीं प्लेगाच्याच रोग्यांची चिकित्सा करीत असतां गेले. तेव्हां सिमाँ यांचा शोध लागून सात वर्षें झालीं होतीं, पण पुष्कळ डॉक्टर तो अजून मानीत नव्हते. आणि औषध तर निघावयाचेंच होतें.