दीनांचा कारभारी: संत व्हिन्सेंट डी पॉल

परोपकार हे पुण्यकर्म होय, हे आमच्या धर्मग्रामातील लहान मुलासही सांगावे लागत नाही. परंतु दिलेला पैसा गरिबाच्या घरी पोहोचून तेथे काय काम करतो, तो संपल्यावर त्या घराचे काय होते, आणि हात रिकामा करताच देणाऱ्याचे कर्तव्य संपते काय, ह्या प्रश्नांचा विचार फारच थोडे लोक करतात. ज्याने ह्या विचारात सारा जन्म घालविला, त्या संत व्हिन्सेंट डी पॉलचे चरित्र ज्युबिलीच्या ह्या शुभप्रसंगी वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागात डॅक्स नगराजवळ पुई नावाचे खेडे होते. तेथे इ. स. 1581 च्या सुमारास एका शेतकऱ्याच्या पोटी व्हिन्सेंटचा जन्म झाला. सहा भावंडांत तो तिसरा. बालपणी तो गुरे-मेंढरे राखीत असे. मुलाची बुद्धी पाहून बापाने त्याला डॅक्स येथे फ्रान्सिस्कन साधूंकडे शिकावयास ठेविले. पुढे त्याच्या शिक्षणासाठी त्याने बैलांची जोडी विकली, असे सांगतात. शेतकऱ्याच्या दारातील बैलजोडी जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगणे नको.

असे असूनही शहरात शिकणाऱ्या ह्या मुलाच्या मनात एक विष शिरले. एकदा त्याचा बाप त्याला भेटावयास विद्यालयात आला. बाप लंगडत चाले, त्याचे कपडेही साधेच होते. मुलाला त्याची लाज वाटली व तो भेटावयास गेला नाही. ही गोष्ट व्हिन्सेंटने उतारवयात स्वतःच अत्यंत दुःखाने सांगितली आहे. 1600 साली त्याला गुरुदीक्षा मिळाली, तेव्हा त्याचे वय एकोणीस-वीस वर्षांचे होते. चांगल्या उत्पन्नाची जागा मिळवावी आणि घरच्यांस सुखात ठेवावे, एवढीच त्याची त्या वेळी महत्त्वाकांक्षा होती. गरिबांचा कैवारी होण्याची कोणतीच चिन्हे तोवर दिसत नव्हती.

पॅरिसला आल्यावर 1612 साली तो क्लिशी ह्या खेड्याचा धर्मगुरू झाला व 1613 साली गाँडी नावाच्या थोर सरदार घराण्यात मुलांचा शिक्षक म्हणून राहिला. ह्या घराण्याच्या जहागिरीत पुष्कळ खेडी होती. 1617 च्या आरंभी तेथील एका आजारी शेतकऱ्याने मृत्युशय्येवर व्हिन्सेंटजवळ आपल्या सर्व जन्माचे पापनिवेदन केले. गावात सज्जन म्हणून नावाजलेल्या ह्या माणसाने कित्येक पापे लाजेखातर वर्षानुवर्षे लपवून ठेविली होती. 25 जानेवारी रोजी फोलव्हिलच्या मंदिरात व्हिन्सेंटने ह्याच विषयावर प्रवचन केले. तेव्हा पापनिवेदनासाठी एवढी गर्दी लोटली की, मदतीस आमियां नगराहून येशूसंघी धर्मगुरू बोलवावे लागले. खेड्यातील जनता आत्म्यानेही उपाशी आहे, हे त्या दिवशी त्याला दिसले.

जहागीरदारीणबाई श्रद्धाळू होत्या. आपल्या खेड्यांत दर पाच वर्षांनी धर्मोपदेशाची फेरी व्हावी म्हणून त्यांनी 16,000 लिव्रांची देणगी देऊ केली. लिव्र हे त्या काळचे फ्रेंच चलन. एकामागून एक संघांस विचारण्यात आले, परंतु ते काम अंगावर घेण्यास कोणीच पुढे आले नाही. पैसा तयार होता, माणसे मिळत नव्हती!

त्याच वर्षी व्हिन्सेंट काही महिने शातियों ह्या लहानशा गावी धर्मगुरू होता. ऑगस्टातील एका रविवारी, मिस्सेची वस्त्रे अंगावर चढवीत असता, गावाबाहेरच्या एका घरात सर्वच माणसे आजारी असून पाणी देण्यासही कोणी नाही, अशी वार्ता त्याला कळली. प्रवचनात त्याने ही हकीकत कळकळीने सांगितली. दुपारी तो स्वतः त्या घराकडे निघाला, तो वाटेवर बायकांची रीघ लागलेली. कोणी भाकरी नेत होत्या, कोणी परतत होत्या, कोणी उन्हाने थकून झाडाखाली बसल्या होत्या. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर संतुष्ट झाला असता. व्हिन्सेंटच्या मनात मात्र निराळाच विचार आला. आज आलेले अन्न खाऊन संपणार नाही, ते नासेल. आणि चार दिवसांनी हीच माणसे पुन्हा उपाशी पडतील. दया पुष्कळ होती, व्यवस्था मुळीच नव्हती.

त्याने त्या बायकांस एकत्र केले, व 8 डिसेंबर 1617 रोजी गावात दयासेवेचा भगिनीसंघ विधिपूर्वक स्थापन झाला. संघाची एक प्रमुख, एक खजिनदार; सेवेच्या पाळ्या ठरलेल्या; पैशाचा हिशेब ठेविलेला. आजाऱ्याला त्याच्या घरीच जेवण कसे वाढावे, हेदेखील नियमांत लिहिले होते. त्यातील एक नियम आमच्या मनात फार भरतो. ज्या आजाऱ्याजवळ कोणी माणूस आहे, त्याच्याकडे आधी जावे, आणि ज्याला कोणीच नाही, त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे. म्हणजे त्याच्याजवळ अधिक वेळ बसता येईल. हिशेबी बुद्धी व प्रेमळ अंतःकरण ही दोन्ही ह्या एका नियमात एकत्र आली आहेत.

आजाऱ्यांची सोय झाली, परंतु धडधाकट गरिबाचे काय? त्यांच्यासाठी 1620 साली फोलव्हिल येथे पुरुषांचा संघ निघाला. गरीब मुले वयात येताच त्यांना एखादा धंदा शिकावयास ठेवावे. म्हातारे व अपंग ह्यांना दर आठवड्यास जरूर तेवढे द्यावे. आणि ज्याची कमाई पोटास अपुरी पडते, त्याला उणे पडेल तेवढेच द्यावे, असे त्याचे नियम होते. ज्याला कमावता येते त्याची कमाई सुटू नये आणि ज्याला येत नाही तो उपाशी राहू नये, असा तोल ह्या नियमांत होता.

अखेर 17 एप्रिल 1625 रोजी गाँडी पतिपत्नींनी 45,000 लिव्रांची देणगी करारपत्राने व्हिन्सेंटच्या स्वाधीन केली. तीतून मिशन संघ उभा राहिला. त्याच्या धर्मगुरूंनी खेड्यापाड्यांतच उपदेश करावा, लोकांकडून एक कवडीही घेऊ नये, आणि हे काम ऑक्टोबर ते जून ह्या काळात करावे, असे ठरले. कारण नंतरच्या महिन्यांत शेतकरी शेतात गुंतलेला असतो. देणगीचे करारपत्र गरिबाच्या सुगीकडे पाहून लिहिले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनीच जहागीरदारीणबाई देवाघरी गेल्या. 1633 साली पोप आठवे अर्बन ह्यांनी संघास मान्यता दिली.

पॅरिसातील थोर घराण्यांच्या स्त्रिया पैसा देत, परंतु गलिच्छ घरांत शिरून आजाऱ्याची सेवा करणे सर्वांनाच झेपत नसे. ही उणीव एका खेडवळ मुलीने भरून काढली. स्युरेन गावची मार्गरित नासो ही गुरे राखणारी. तिने मुळाक्षरांचे पुस्तक घेतले आणि वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यांस अक्षरे विचारीत, गुरांमागे हिंडता हिंडता ती वाचावयास शिकली. मग ती गावोगावच्या मुलींस शिकवू लागली, व पुढे पॅरिसमध्ये आजाऱ्यांच्या सेवेस लागली. प्लेगने पछाडलेल्या एका स्त्रीला तिने आपल्या बिछान्यावर जागा दिली, आणि 1633 साली ती त्याच रोगाने मरण पावली. तिच्यासारख्या मुलींना घेऊन संत लुईज द मारियाक व व्हिन्सेंट ह्यांनी 29 नोव्हेंबर 1633 रोजी दयाभगिनींचा संघ सुरू केला. त्या काळी धर्मभगिनी मठाच्या भिंतीआड राहत. ह्या मात्र गल्ल्यांतून व खेड्यांतून हिंडू लागल्या. औषधपाणी आणि गरीब मुलींची शाळा ही दोन्ही कामे त्या करीत.

मग युद्धाचा वणवा पेटला. लॉरेन प्रांतात लढाई, दुष्काळ व रोगराई एकदमच आली. व्हिन्सेंटने पॅरिसात पैसा जमविला, व तो पोहोचविण्याचे काम बंधू मात्यू रेन्यार ह्याने केले. अंगावर फाटकी वस्त्रे, जवळ जुनीशी झोळी, आणि त्या झोळीत एकेका खेपेस 20,000 लिव्र किंवा अधिक! लुटारूंनी भरलेल्या मुलखातून त्याने 53 खेपा केल्या, आणि एकदाही पैसा लुटला गेला नाही. पुढे पिकार्डी व शांपेन प्रांतांवर तीच आपत्ती ओढवली, तेव्हा 1650 पासून तेथील दुर्दशेची छापील पत्रके पॅरिसमध्ये वाटली जाऊ लागली. त्यांतील मजकूर बव्हंशी प्रत्यक्ष मदत वाटणाऱ्यांच्या पत्रांतून घेतलेला असे. आपला पैसा कोठे जातो व तेथे गरज काय आहे, हे देणाऱ्यास त्यावरून कळे.

लढाई ओसरल्यावरही व्हिन्सेंटचे मन स्वस्थ बसले नाही. अन्नवाटप किती दिवस चालणार? 1659 साली, ऐंशीच्या घरात आलेल्या ह्या वृद्धाने तेथे काम करणाऱ्या बंधू जां पार ह्यास लिहून चौकशी केली. ज्यांच्याजवळ जमिनीचा तुकडा आहे, त्यांना बियाणे देता येईल काय? ज्यांना जमीन नाही, त्यांतील पुरुषांना कामाची हत्यारे, व बायकामुलींना चरखे व कातावयास लोकर देता येईल काय? आणि हे केवळ अत्यंत गरिबांसच द्यावे, असेही त्याने बजाविले. बैलांची जोडी विकून ज्याच्या बापाने त्याला शिकविले, त्या मुलाला शेतकऱ्याचे घर कशावर उभे राहते, हे अखेरपर्यंत पक्के ठाऊक होते.

पैशाच्या बाबतीत तो स्वतःशी कठोर होता. 1623 साली तो आपल्या गावी गेला, तेव्हा भावंडांचे दारिद्र्य पाहून परतताना त्याचे डोळे वाहू लागले. त्यांना श्रीमंत करावे हा मोह त्याला पुढे कित्येक महिने छळीत राहिला. परमेश्वराने आपणास ह्यातून सोडवावे, अशी प्रार्थना त्याने केली. लक्षावधी लिव्र त्याच्या हातांतून गेले, पण ते दीनांचे होते व तो त्यांचा केवळ कारभारी होता.

27 सप्टेंबर 1660 रोजी पॅरिस येथे त्याचे देहावसान झाले. 1737 साली पोप बारावे क्लेमेंट ह्यांनी त्याला संतपद दिले, आणि 1885 साली पोप तेरावे लिओ ह्यांनी त्याला सर्व दयासेवा संस्थांचा आश्रयदाता संत ठरविले. 1833 साली पॅरिसात फ्रेडरिक ओझानाम व त्याच्या तरुण मित्रांनी जे मंडळ काढले, त्याला त्यांनी ह्याच संताचे नाव दिले. त्या मंडळाच्या शाखा आज आमच्या महाराष्ट्रातील कित्येक धर्मग्रामांतही आहेत, व त्यांचे सभासद गरिबाच्या घरी स्वतः जाऊन विचारपूस करतात.

धर्मबंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या निमित्ताने वर्गणी गोळा होते, रोषणाई होते, आणि ती व्हावीही. परंतु हिशेबाच्या वहीत आणखी एक पान ह्या संताच्या नावे उघडावे, अशी आमची विनंती आहे. एखाद्या आजाऱ्याचे औषध, एखाद्या मुलीची शाळेची फी, एखाद्या तरुणाच्या हाती शिलाईचे यंत्र किंवा सुताराची हत्यारे, एवढ्यावरच ते पान भरेल. ते भरल्यावर त्या घरी जाऊन, दिलेल्या मदतीचे काय झाले हे प्रेमाने विचारावयाचे राहते. आणि ज्या घरी विचारणारे दुसरे कोणीच नाही, त्या घरी शेवटी जाऊन अधिक वेळ बसावे. ह्या कामी परमेश्वर आम्हां सर्वांस बुद्धी व बळ देवो!