मारिया सिबिला मेरिअन

सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात पुष्कळ लोकांची अशी समजूत होती, की अळ्या व किडे चिखलातून किंवा कुजलेल्या पदार्थांतून आपोआप उत्पन्न होतात. अळी पाहून लोक नाक मुरडीत. फुलपाखराचे मात्र कौतुक करीत. ही दोन्ही एकाच जीवाची रूपे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक होते. अशा काळात एका मुलीने अळ्यांशी मैत्री जोडली. तिचे नाव मारिया सिबिला मेरिअन.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. ती तीन वर्षांची असतानाच तिचे वडील वारले. सावत्र वडील चित्रकार होते. त्यांनी तिला चित्रकला शिकविली. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले. अंड्यातून अळी, अळीचा कोश आणि कोशातून पंखांचा जीव बाहेर पडताना तिने स्वतः पाहिला. मग तिला तो छंदच जडला. अळ्या पाळताना तिच्या ध्यानात आले, की वाटेल तो पाला त्यांना चालत नाही. कित्येक अळ्या ठरावीक वनस्पतीवरच जगतात. म्हणून १६७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मारियाबाईंनी कीटकांबरोबर त्यांची खाद्यवनस्पतीही रेखाटली.

पुढे त्या ॲमस्टरडॅम शहरी राहू लागल्या. तेथील संग्रहांत दूरदेशींची सुंदर फुलपाखरे होती. पण ती निर्जीव. ती कशावर वाढली, हे त्यांवरून कळेना. तेव्हा वयाच्या ५२ व्या वर्षी, १६९९ साली, आपली चित्रे विकून मारियाबाईंनी पैसा उभारला आणि धाकट्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला जाणारे जहाज गाठले. तेथील मळेवाल्यांना साखरेवाचून दुसरे काही सुचत नसे. अळ्या शोधणाऱ्या या बाईला ते हसत. मूळचे रहिवासी व मळ्यांवरील गुलाम यांनी मात्र तिला झाडापानांची माहिती दिली. उष्ण हवेने व आजाराने प्रकृती ढासळल्यामुळे १७०१ साली त्यांना परतावे लागले. तरी हाती घेतलेले कार्य त्यांनी सोडले नाही. १७०५ साली ६० चित्रांचा त्यांचा थोर ग्रंथ प्रसिद्ध झाला. १७१७ साली त्या निवर्तल्या.

त्यांनी दाखविलेले पानाचे व पाखराचे नाते आपल्या माळावरही दिसते. रुईचा चीक विषारी. म्हणून गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. परंतु बिबळ्या कडवा नावाचे नारिंगी फुलपाखरू तिच्याच पानांवर अंडी घालते. अळ्या ती पाने खाऊन वाढतात आणि त्यांतील विषच त्यांचे पक्ष्यांपासून रक्षण करते. रुईला निरुपयोगी समजून आपण ती उपटून टाकली, तर त्या अळ्यांनी कोठे जावे? ज्याला फुलपाखरू हवे, त्याने अळीचे झाडही राखले पाहिजे.