सवड मिळवणारा साधक : धर्मानंद कोसंबी

वालीवच्या आमच्या परिसरात दिवस आणि रात्र यांतील सीमारेषा केव्हाच पुसट झाली आहे. कारखान्यांच्या पाळ्या एकीत एक मिसळतात, महामार्गावरील वाहने थांबत नाहीत आणि वसई-नालासोपाऱ्याच्या फलाटांवरील गर्दी ओसरत नाही. त्यात हातातील मोबाइल. रविवारी मुलाला भेटायला आलेले वडील त्याच्याशी बोलता बोलता तीनदा पडद्याकडे पाहतात. हा आम्ही त्यांचा दोष मानत नाही. ठेकेदाराचा निरोप चुकला तर दुसऱ्या दिवशीची रोजी बुडते, हे आम्हांस ठाऊक आहे. सवड ही सुखवस्तू माणसाची चैन आहे, असे पालक म्हणतात तेव्हा त्यांना चटकन उत्तर देता येत नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र निवडले, ज्याला सवड कोणी आंदण दिली नव्हती.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. शालेय शिक्षण थोडेसेच झाले आणि घरच्या माडांच्या बागायतीची देखरेख लहानपणीच अंगावर पडली. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्नही लवकर झाले. मन मात्र बागायतीत रमत नव्हते. तुकोबांच्या अभंगांनी त्यांना आधार दिला आणि ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात वाचलेल्या बुद्धचरित्राने दिशा दिली. येथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. त्याच सुमारास, १८९८ मध्ये, कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांचे मराठी बुद्धचरित्र प्रसिद्ध झाले. पुढे १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती केळूसकर गुरुजींनी ते भेट म्हणून ठेवले. एका महाराष्ट्रात दोन तरुण, आणि दोघांच्या आयुष्याला वळण लागले ते सावकाश वाचलेल्या काही मराठी पानांनी.

१८९९ च्या अखेरीस कोसंबींनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. चरित्रकार हा प्रसंग सहसा गौतमाच्या गृहत्यागाच्या छायेत उभा करतात. आम्हांस तसे करणे प्रशस्त वाटत नाही. त्यांनी स्वतःसाठी मिळवलेल्या एकांताची किंमत त्या घरातील एका स्त्रीनेही मोजली, आणि तिला कोणी विचारले नव्हते. पुढे कोसंबी परत आले, संसार त्यांनी पुन्हा उभा केला, मुलीला परदेशी नेऊन उच्च शिक्षण दिले, हे खरे. पण मधली वर्षे बाळाबाईंची होती आणि ती परत येणारी नव्हती.

पुण्याला संस्कृतचा आरंभ, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांकडे व्याकरण घोकायचे, असा क्रम होता. बुद्धधम्म शोधत ते नेपाळला गेले आणि निराश होऊन परतले. बोधगयेहून कळले की पाली शिकायची तर सिंहलद्वीपास गेले पाहिजे. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांना अखेर हवे ते सापडले. तेथे त्यांनी चीवर धारण केले. नंतर ब्रह्मदेशात जाऊन तेथील ध्यानपरंपरेत ते राहिले. घर सोडल्यापासून भारतात स्थिर होईपर्यंत सुमारे सात वर्षे गेली. ज्याला आज दहा मिनिटांत उत्तर हवे असते, त्या आमच्या पिढीला एवढा काळ एका भाषेसाठी घालवणे वेडेपणाचे वाटेल.

मात्र संथपणा म्हणजे रेंगाळणे नव्हे. ज्या पाली साहित्यासाठी कोसंबी वणवण फिरले, त्यात आपले सोपारे सुप्पारक या नावाने येते. तेथून निघालेला बाहिय दारुचीरिय श्रावस्तीला पोहोचला तेव्हा भगवान भिक्षेसाठी गावात हिंडत होते. ही वेळ नव्हे असे त्यांनी दोनदा सांगूनही बाहिय हटला नाही, आणि तिसऱ्या विनवणीनंतर भगवंतांनी त्याला वाटेतच उपदेश केला. आमचा हा शेजारी भलताच घाईचा होता. पण त्याची घाई एकाच गोष्टीसाठी होती. कोसंबींचीही तशीच होती.

१९०६ मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्यास राहिले आणि तेथील नॅशनल कॉलेजात व विद्यापीठात पाली शिकवू लागले. येथे त्यांच्या आयुष्यातील तो निर्णय येतो, ज्यासाठी आम्ही हे चरित्र निवडले. कलकत्ता विद्यापीठ त्यांना दरमहा २५० रुपये देऊ करत होते. दुसरीकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपयांची तयारी दाखवली. अट अशी की, महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कोसंबींनी ५० रुपये पत्करले. त्या वेळी घरी पत्नी, मुलगी आणि १९०७ मध्ये जन्मलेला मुलगा दामोदर होता, म्हणजे हा संन्याशाचा हिशेब नव्हता, गृहस्थाचा होता. आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्ध सांगण्यासाठी लागणारा वेळ त्यांनी महिन्याला २०० रुपये सोडून विकत घेतला, असे आम्ही म्हणू.

१९१० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेस गेले. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची संशोधित आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतली होती. १८९९ मध्ये वॉरन वारले आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करण्यास कोसंबी बसले. श्रेय कोणाच्या नावे जावे यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाला आणि १९१२ मध्ये ते काम टाकून परतले. १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. मग पुन्हा हार्वर्ड, मुलांना बरोबर घेऊन. त्यानंतर १९२६ मध्ये आणि १९३१ मध्ये पुन्हा. ते काम १९३२ साली हातावेगळे झाले. ‘विसुद्धिमग्गा’ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली. हार्वर्डचे पुस्तक छापून आले ते १९५० मध्ये, तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

चित्त स्थिर कसे करावे हे सांगणाऱ्या ग्रंथालाच चाळीस वर्षे लागावीत, यात आम्हांस काही विसंगत वाटत नाही.

तथापि विद्वानांसाठी केलेल्या या कामापेक्षा १९२५ साली निघालेले त्यांचे ‘समाधिमार्ग’ हे छोटे मराठी पुस्तक आम्हांस अधिक जवळचे वाटते. ध्यानाचे चाळीस विषय, ज्यांना पालीत कम्मट्ठान म्हणतात, ते त्यांनी साध्या मराठीत मांडले. त्यासाठी चीवर लागत नाही, गुहा लागत नाही. ध्यान हे डोंगरातील माणसाचेच काम आहे असे त्यांना वाटत असते तर हे पुस्तक निघाले नसते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेलेला हा माणूस जगापासून पळणारा नव्हता. १९३७ च्या सुमारास त्यांनी परळमध्ये बहुजन विहार उभारला. परळ म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांवर उठणारी-झोपणारी वस्ती, आजच्या वालीवची थोरली बहीणच. विहारासाठी त्यांनी निसर्गरम्य टेकडी शोधली नाही. ज्यांना सवड सर्वांत कमी, त्यांच्या दाराशी ते गेले. पालकांच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर असेल तर ते येथेच कोठेतरी आहे.

अखेरच्या काळात प्रकृती खालावली. सेवाग्राम येथे अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला.

‘विसुद्धिमग्गा’त आनापानसतीची, म्हणजे श्वासावरील ध्यानाची, एक रीत आहे. श्वास मोजायचे ते पाचांहून कमी नको, दहांहून अधिक नको. आरंभी मोजणी सावकाश, खळ्यावर धान्य मापणाऱ्यासारखी. जमू लागले की गुरे मोजणाऱ्या गुराख्यासारखी भराभर. आमच्या वसतिगृहात संध्याकाळच्या वंदनेनंतर, शिक्षकांचे मोबाइलही कपाटात ठेवून, आम्ही हेच करतो. नवी आलेली मुले पहिले काही दिवस तिसऱ्या-चौथ्या श्वासालाच अडखळतात, एकमेकांकडे पाहून हसतात आणि पुन्हा एकपासून सुरू करतात.