संत जॉन हेन्री न्यूमन आणि कॉलेजचे दार



बारावीचे निकाल लागले की काही पालक मला भेटायला येतात. मुलगा किंवा मुलगी शिकायला दूर जाणार असते. फी, हॉस्टेल सगळ्याची चौकशी झालेली असते, पण मनात एक भीती असते: तिथे गेल्यावर मुलांची श्रद्धा टिकेल का? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील ख्रिस्तसभेलाही हाच प्रश्न पडला होता. म्हणून आज संत जॉन हेन्री न्यूमन यांची ओळख करून घेऊ या.

न्यूमन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८०१ रोजी लंडन येथे झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी ते ऑक्सफर्ड विद्यापीठातील ट्रिनिटी कॉलेजात राहायला गेले. शेवटच्या परीक्षेसाठी त्यांनी इतका अभ्यास केला की ऐन वेळी प्रकृतीने दगा दिला आणि निकाल अगदी सामान्य लागला. तरीही १८२२ साली ओरिएल कॉलेजने त्यांची फेलो म्हणून निवड केली. १८२८ पासून ते विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चचे अँग्लिकन धर्मगुरू होते. त्यांची प्रवचने ऐकायला विद्यार्थी गर्दी करीत.

आरंभीच्या ख्रिस्तसभेचा अभ्यास करता करता त्यांची पावले कॅथलिक श्रद्धेकडे वळली आणि ९ ऑक्टोबर १८४५ रोजी त्यांनी ती स्वीकारली. त्याची किंमत मोठी होती. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेतानाच अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागे, त्यामुळे कॅथलिकांना तिथे जागाच नव्हती. न्यूमन यांनी फेलोशिप सोडली आणि १८४६ साली ते शहरही सोडले. त्यानंतर ऑक्सफर्डचे मनोरे आपल्याला फक्त रेल्वेतून जाताना दिसतात, असे त्यांनी १८६४ साली आत्मचरित्रात नमूद केले.

१८४७ साली ते कॅथलिक धर्मगुरू झाले. पुढे बर्मिंगहॅम येथे त्यांनी संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरी संघाचे काम सुरू केले. १८५४ ते १८५८ ते डब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठाचे रेक्टर होते.

दरम्यान इंग्लंडचा कायदा बदलत होता. १८५४ साली प्रवेशाच्या वेळच्या सहीची अट गेली. १८७१ च्या कायद्याने बहुतेक वरच्या पदव्या आणि फेलोशिपही इतरांना खुल्या झाल्या. आता विद्यापीठाचे दार उघडे होते, पण आपल्याच धर्माधिकाऱ्यांना मुलांना आत पाठवण्याची भीती वाटत होती. आर्चबिशप मॅनिंग स्वतः ऑक्सफर्डमध्ये शिकलेले होते. त्यांची भीती पोकळ नव्हती, कारण देवाच्या अस्तित्वावरच शंका घेणारे विचार तिथे जोर धरू लागले होते.

न्यूमन यांचे मत वेगळे होते. मुले कधी ना कधी जगात जाणारच, मग ती जगाला प्रथम सामोरी जातात तेव्हाच ख्रिस्तसभेने त्यांच्यासोबत का असू नये? ऑक्सफर्डमध्ये ओरेटरी उभारण्यासाठी त्यांनी १८६४ साली जागाही घेतली. परंतु १८६७ साली रोमहून आलेल्या निर्णयामुळे ही योजना बारगळली. त्यांच्या मनाला ते फार लागले. तरी त्यांनी आज्ञा मोडली नाही आणि आपले मतही सोडले नाही.

डिसेंबर १८७७ मध्ये ट्रिनिटी कॉलेजने त्यांना आपले पहिले मानद फेलो केले. फेब्रुवारी १८७८ मध्ये, ७७ वर्षांचे न्यूमन ३२ वर्षांनी पुन्हा आपल्या कॉलेजात आले. विद्यार्थिदशेत त्यांना शिकवणारे थॉमस शॉर्ट तेव्हाही तिथेच होते, नव्वदीला टेकलेले. गुरुशिष्यांची भेट झाली.

१८७९ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना कार्डिनल केले. ११ ऑगस्ट १८९० रोजी ते प्रभूच्या घरी गेले. त्यानंतर पाच वर्षांनी, १८९५ साली, कॅथलिक तरुणांना ऑक्सफर्ड व केंब्रिजला जाण्याची परवानगी रोमने दिली. त्यांच्या श्रद्धाशिक्षणाची सोय तिथेच करावी, अशी अट होती. न्यूमन यांना नेमके हेच हवे होते, पण ते पाहायला ते राहिले नव्हते. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून गौरविले.

पालकांनो, मुलांना घरी बसवून श्रद्धा राखता येत नाही आणि नुसते पाठवून दिल्याने आपली जबाबदारीही संपत नाही. हॉस्टेल पाहायला जाल तेव्हा जवळचे चर्चही पाहून या. तिथल्या फादरांशी मुलांची ओळख करून द्या. सुट्टीत घरी आल्यावर मुलांनी देवाधर्माविषयी अवघड प्रश्न विचारले तर रागावून त्यांना गप्प करू नका. उत्तर सुचले नाही तर त्यांना घेऊन माझ्याकडे या, आपण मिळून शोधू.

९ ऑक्टोबर हा संत न्यूमन यांचा सण. त्या दिवशी मिस्सामध्ये आपल्या धर्मग्रामातून बाहेरगावी शिकायला गेलेल्या प्रत्येक मुलामुलीसाठी प्रार्थना करू या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू