विल्यम हाइड वॉलस्टन

विल्यम हाइड वॉलस्टन (६ ऑगस्ट १७६६ – २२ डिसेंबर १८२८) हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. पॅलेडियम व ऱ्होडियम या मूलद्रव्यांचा शोध त्यांनी लावला. प्लॅटिनमच्या चूर्णापासून सलग, ठोकता येण्याजोगा धातू तयार करण्याची भरवशाची पद्धत त्यांनी बसवली. चूर्ण भट्टीत जाण्यापूर्वीच ते जितके दाट व एकसारखे बसवता येईल तितके बसवणे, हे या पद्धतीचे मर्म होते. त्यामुळे आधुनिक चूर्ण धातुविज्ञानाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

जीवन

वॉलस्टन यांचा जन्म इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात ईस्ट डेरहॅम येथे झाला. त्यांचे वडील फ्रान्सिस वॉलस्टन हे धर्मोपदेशक असून खगोलशास्त्राचे अभ्यासक होते. केंब्रिज विद्यापीठातून १७९३ साली त्यांनी वैद्यकाची एम.डी. ही पदवी मिळवली. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. काही वर्षे त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय केला, परंतु त्यात त्यांचे मन रमले नाही. १८०० साली तो व्यवसाय कायमचा सोडून त्यांनी लंडनमध्ये रसायनशास्त्राला वाहून घेतले. ते आजन्म अविवाहित राहिले. त्यांची प्रयोगशाळा घरातच होती आणि तेथे कोणालाही सहसा प्रवेश नसे.

प्लॅटिनमचा प्रश्न

प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सियसला वितळतो. तेव्हाच्या कोणत्याही भट्टीला एवढे तापमान गाठता येत नव्हते, त्यामुळे सोन्याचांदीप्रमाणे तो वितळवून ओतणे अशक्य होते. आर्सेनिक मिसळून तो वितळवण्याची जुनी रीत होती, पण ती विषारी होती आणि तिच्यातून मिळणारा धातू अशुद्ध असे. दुसरीकडे, अम्लांना दाद न देणाऱ्या या धातूची मुशी, तारा आणि आम्लाच्या कढयांसाठी मोठी गरज होती.

वॉलस्टन यांनी स्मिथसन टेनंट या मित्राबरोबर भागीदारी केली व १८०० सालच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतील न्यू ग्रॅनाडा (आजचा कोलंबिया) येथून आलेले सुमारे ६००० औंस खनिज विकत घेतले. या खनिजातून वॉलस्टन यांना १८०२ साली पॅलेडियम आणि १८०४ साली ऱ्होडियम सापडले. त्याच खनिजाच्या न विरघळणाऱ्या गाळात टेनंट यांना ऑस्मियम व इरिडियम मिळाले.

चूर्णाची घनता

खनिज अम्लराजात विरघळवून त्यात नवसागर घातला की पिवळा साका खाली बसे. तो मंद आचेवर तापवल्यावर करड्या रंगाचे सच्छिद्र प्लॅटिनम उरे. आच अधिक झाली तर कण वेळेआधीच एकमेकांना चिकटत आणि पुढे नीट दाबले जात नसत. म्हणून ही पायरी ते फार जपून करीत.

चूर्ण मलमलीतून गाळले जाई. जाडसर कण लाकडी भांड्यात लाकडी बत्त्यानेच घोटले जात. कठीण साधनाने घोटल्यास कणांना झिलई चढते आणि झिलई चढलेले कण पुढे एकजीव होत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. त्यानंतर चूर्ण पाण्यात ढवळून बारीक कण वेगळे केले जात आणि त्यांचा एकसारखा चिखल होई.

हा चिखल किंचित निमुळत्या पितळी नळीत भरला जाई. नळी आधी पाण्याने भरलेली असल्यामुळे आत हवेची पोकळी राहत नसे. तोंडाशी टिपकागद व लोकरीचे कापड ठेवून आडव्या तरफेच्या दाबयंत्राने पाणी पिळून काढले जाई. तयार झालेली वडी प्रथम कोळशाच्या निखाऱ्यांवर सुकवून मग कोकच्या भट्टीत सुमारे २० मिनिटे कमाल उष्णतेत ठेवत. लाल असतानाच ती ऐरणीवर उभी धरून घणाने ठोकत. बाजूने घाव घातल्यास ती फुटे.

प्रत्येक टप्प्यावरचे विशिष्ट गुरुत्व वॉलस्टन यांनी नोंदवले. नळीत घातलेला चिखल सुमारे ४.३, दाबलेली वडी सुमारे १०, भट्टीतून निघालेली वडी १७ ते १७.७ आणि ठोकलेला धातू सुमारे २१.२५ असे ते आकडे होते. तापवण्यापूर्वीच वडीची घनता सलग धातूच्या निम्म्याजवळ पोहोचलेली असे. वडी सर्वत्र सारखी दाट असल्यामुळे भट्टीत ती सारखीच आकसे. तिच्यात फोड किंवा भेगा राहत नसत.

गुपित आणि अखेर

पद्धत गुप्त ठेवून वॉलस्टन यांनी अनेक वर्षे प्लॅटिनमचा व्यापार केला व त्यात मोठा पैसा मिळवला. बंदुकीच्या बत्तीच्या छिद्रांची अस्तरे व गंधकाम्ल आटवण्याच्या कढया त्यांच्या धातूपासून बनत. १८१५ साली टेनंट यांचा फ्रान्समध्ये अपघाती मृत्यू झाला. १८२० च्या सुमारास खनिजाची आवक आटली आणि धंदा थांबला, तरी गुपित उघड झाले नाही. दरम्यान रशियात सोबोलेव्स्की यांनी १८२७ साली प्लॅटिनमचे चूर्ण दाबून धातू बनवण्याची आपली स्वतंत्र पद्धत प्रसिद्ध केली.

१८२८ साली मेंदूच्या आजाराने वॉलस्टन यांच्या शरीराचा एक भाग लुळा पडू लागला. मृत्यू जवळ आल्याचे ते जाणून होते. स्वतः लिहिणे कठीण झाल्यावर त्यांनी संपूर्ण पद्धत सांगून लिहवून घेतली. २० नोव्हेंबर १८२८ रोजी रॉयल सोसायटीत तो निबंध बेकेरियन व्याख्यान म्हणून वाचला गेला आणि त्याबद्दल त्यांना रॉयल पदक जाहीर झाले. एका महिन्याने त्यांचे निधन झाले. निबंध प्रकाशित झाला नसता, तर हे ज्ञान त्यांच्याबरोबरच संपण्याचा धोका होता.

इतर कार्य

सौर वर्णपटातील काळ्या रेषा त्यांनी १८०२ साली प्रथम नोंदवल्या. चित्रकारांना उपयोगी पडणारा कॅमेरा ल्युसिडा (१८०६) आणि स्फटिकांचे कोन मोजणारा परावर्तन कोनमापक (१८०९) ही उपकरणे त्यांची आहेत. १८१० साली मूत्राशयातील खड्यात त्यांना सिस्टीन हे द्रव्य आढळले. वॉलस्टनाइट या खनिजाला त्यांचे नाव दिले आहे. त्यांच्या देणगीतून लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे वॉलस्टन पदक सुरू झाले.

वारसा

१८५० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सिजनच्या ज्योतीवर चालणाऱ्या चुनखडीच्या भट्टीत प्लॅटिनम वितळवणे शक्य झाले आणि वॉलस्टन यांची पद्धत मागे पडली. तिच्यामागील तत्त्व मात्र टिकले. विजेच्या दिव्यातील टंगस्टनची तार विसाव्या शतकाच्या आरंभी चूर्ण दाबून, तापवून व ठोकूनच तयार झाली. तारापूर येथील अणुभट्ट्यांत वापरल्या जाणाऱ्या युरेनियम डायऑक्साइडच्या गोळ्याही प्रथम दाबून मग भाजल्या जातात.

त्रिमितीय मुद्रणाच्या एका प्रकारात धातूच्या चूर्णाचे थर द्रव बंधकाने जोडून वस्तू घडवतात व नंतर ती भट्टीत भाजतात. अशा कच्च्या वस्तूत बरीच पोकळी राहते, त्यामुळे भाजताना ती आकसते आणि कधी वेडीवाकडी होते. लहानमोठे कण मिसळणे, थर रुळाने दाबणे किंवा भाजण्यापूर्वी वस्तूवर सर्व बाजूंनी दाब देणे, असे उपाय त्यावर योजले जातात. भट्टीत जाण्यापूर्वीची घनताच अखेरच्या वस्तूचा दर्जा ठरवते, हा वॉलस्टन यांचा अनुभव या नव्या तंत्रालाही लागू पडतो.