न्यायमूर्ती तारकुंडे : मतदारांच्या उमेदवाराचा पुरस्कर्ता

सासवड म्हटले की सोपानदेवांची समाधी आठवते, आचार्य अत्रे आठवतात. त्याच सासवडने आणखी एक थोर पुरुष दिला. पण त्यांचे नाव वर्गात विचारले तर क्वचितच एखादा हात वर होईल. ते म्हणजे न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे.

३ जुलै १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील सासवडला वकिली करीत आणि अस्पृश्यतेला उघड विरोध करीत. विठ्ठलराव पुण्यात शिकले, कृषी पदवीधर झाले आणि विलायतेहून बॅरिस्टर होऊन १९३२ च्या अखेरीस परतले. पुण्यात वकिली सुरू झाली. पण मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी त्यांना भारून टाकले. १९४२ मध्ये चालती वकिली सोडून ते रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले.

१९४६ च्या निवडणुकीत या पक्षाचा दारुण पराभव झाला आणि १९४८ मध्ये त्याने स्वतःचेच विसर्जन केले. हरलेल्यांनी दुकान बंद केले, असे कोणी म्हणेल. परंतु त्यामागे एक विचार होता. पक्ष सत्तेसाठी झटतो; त्याच्या तिकिटावर निवडून आलेला माणूस मतदारांपेक्षा पक्षश्रेष्ठींना अधिक भितो. म्हणून गावोगावी लोकसमित्या व्हाव्यात, त्यांनी आपल्यातूनच उमेदवार निवडावा आणि निवडून आल्यावर त्याला जाब विचारावा, अशी ही कल्पना होती. तारकुंडे यांनी ती जन्मभर सोडली नाही.

१९५७ ते १९६९ ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. पुढे राजीनामा देऊन ते दिल्लीस सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी निवडणूक सुधारणांसाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मतदानाचे वय अठरा करावे, निवडणूक आयोग बहुसदस्य असावा, मतदारसंघांत मतदार मंडळे स्थापावीत, अशा तिच्या शिफारशी होत्या. पहिल्या दोन पुढे प्रत्यक्षात आल्या. मी एकोणिसाव्या वर्षी मतदार आहे, तो १९८९ पासून लागू झालेल्या त्या बदलामुळे. मतदार मंडळे मात्र रुजली नाहीत. १९७७ मध्ये जयप्रकाशांचे आंदोलनही अखेर जनता पक्षाच्या झेंड्याखालीच निवडणुकीस उभे राहिले. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने तर आमदार-खासदार पक्षादेशाला अधिकच बांधले गेले.

मग तारकुंडे हरले काय? १९७६ मध्ये त्यांनी जयप्रकाशांसह नागरी स्वातंत्र्यासाठी जी संघटना उभारली, तिच्याच याचिकेवर २०१३ मध्ये मतदाराला सर्व उमेदवार नाकारण्याचे बटण मिळाले. २२ मार्च २००४ रोजी निधन पावलेल्या तारकुंडे यांना ते पाहता आले नाही. परंतु नकाराने काम अर्धेच होते. होकार कोणाला द्यायचा, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

आमच्या खेड्यात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही; तरी कोणते पॅनेल कोणत्या नेत्याचे, हे लहान पोरही सांगते. उमेदवार ठरतो वाड्यावर, आणि आम्ही फक्त शिक्का मारायला किंवा बटण दाबायला जातो. नुसते चिन्ह काढून भागत नाही. उमेदवार ठरविण्याच्या बैठकीला मतदार स्वतः बसला पाहिजे, हे तारकुंडे यांच्या चरित्राने मला शिकविले. पुढच्या निवडणुकीआधी अशी एक बैठक देवळासमोर भरविता येईल का, हे मी सुटीत गावी गेल्यावर विचारणार आहे.